मोहाखालची हाक

दीपिकाने स्वतःच्या चपला काढल्या, मग दिव्याच्या. चार पावलं पुढे जाऊन जमीन तळव्याने चाचपली, काटा नाही हे पाहिलं आणि मगच लेकीचा पाय पाचोळ्यावर टेकवू दिला.

"आता बोलायचं नाही हं. हळू चालायचं. वास घ्यायचा."

मागून रिकामी टोपली घेऊन येणारी तिची सासू, गुणाबाई, थबकली.

"काऊन वो, मयतीले चाललो का आपण?"

"आई, जपानमध्ये डॉक्टर सांगतात हे. वनस्नान म्हणतात. जंगलात गप्प राहायचं, बस."

"मोहाच्या दिवसात गप्प? अस्वलाच्या पुढ्यात जाऊन बसशीन."

सासूचं खोटं नव्हतं. मोहाची फुलं वेचायला निघालेल्या बाया वळणावळणावर 'होऽऽ' म्हणून हाक देतात. इकडून गेली की तिकडून आली पाहिजे. इथे माणूस आहे, हे माणसालाही कळतं आणि जनावरालाही. पण दीपिका कोळशाच्या धुळीतल्या भद्रावतीहून गडचिरोलीच्या या टोकाला सासूकडे आली होती ती दिव्याच्या छातीसाठी. पाच वर्षांची पोर दोन वाक्यं सलग बोलली की खोकायची, आणि जूनमध्ये शाळा सुरू होणार होती. दीपिकाच्या पर्समध्ये दम्याचा पंप असायचा. कान सदैव लेकीच्या छातीत श्वासागणिक वाजणाऱ्या शिट्टीकडे.

शेवटी गुणाबाईनेच तोड काढली. "वाटेनं मी हाका देतो. झाडाखाली तुझं जपान. बाया भवताल आहेतच. मी हू का चू करत नाई."

आणि तिने शब्द पाळला. मोहाखाली तिघी बसल्या. फुलं टप टप पडत होती, गोड, आंबूस वास दाटला होता. गुणाबाईचा हात सवयीने फुलं गोळा करू लागला, तोंड मात्र मिटलेलं. दीपिकाने वाचलं होतं तसे डोळे मिटले आणि लगेच उघडून दिव्याकडे पाहिलं. मग ऐकत राहिली. कुठेतरी सुतार पक्षी खोडावर चोच मारत होता. टोपलीत एक फूल पडलं. काहीतरी कमी आहे, हे तिला उशिरा जाणवलं. ती वाकली, लेकीच्या पाठीला कान लावला.

शिट्टी नव्हती.

आजपुरती नाही, तिने मनाला बजावलं. उद्याचं उद्या.

इतक्यात नाल्याकडून शेजारच्या चंदाची हाक आली. "होऽऽ!"

गुणाबाईने तोंड उघडलं, सुनेकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. हाक पुन्हा आली. आता तिच्यात काळजी होती. दिव्याने आजीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग उठली, मुठी आवळल्या.

"होऽऽऽऽ!"

आवाज फांद्यांमधून वर गेला, लांबत गेला. दीपिकाचा हात पर्समध्ये पंपावर होता. ती खोकल्याची वाट पाहत राहिली. खोकला आला नाही.

नाल्यापलीकडून हसू ऐकू आलं. "कोन होय वो ते?"

"आमची दिव्या होय!" गुणाबाईने मान ताठ करून सांगितलं. मग ओशाळून सुनेला म्हणाली, "मोडलं वो तुझं जपान."

दीपिकाने पर्समधून हात काढला. रिकामाच. पदराने डोळ्यांच्या कडा टिपल्या आणि पर्सची चेन लावून टाकली.

"चंदामावशीला नीट ऐकू गेलं नसेल, दिव्या."

दिव्याने छाती भरून घेतली.