पेइफेनचं रडू

आमच्या मंडळीत नवराही बाई आणि बायकोही बाई. शेंगजौकडच्या संगीत नाटकाची रीतच ती. चाई वेनजुन नवरा व्हायची, लोउ पेइफेन बायको, आणि मी बाजूला बसून दोन तारांचं वाद्य वाजवायचो. विशीत जमलेली ही जोडी साठीपर्यंत टिकली. खरे संसार एवढे टिकत नाहीत. पेइफेनचा खरा नवरा शेनजेनला कारखान्यात गेला आणि तिकडचाच होऊन बसला. वेनजुनने तर लग्नच केलं नाही.

रंगमंचाबाहेरही पेइफेन तिला "अहो" म्हणायची.

"अहो, मफलर गुंडाळा, घसा बसेल. अहो, भाजी तुम्ही आणा आज, नुसती टोपी घालून नवरा होता येत नाही."

"बरं बाईसाहेब," वेनजुन खर्जातल्या आवाजात म्हणायची आणि खरंच पिशवी घेऊन निघायची.

आम्ही हसायचो. पण पेइफेनचा मुलगा शियाओहे नदीत बुडाला, तेव्हा तिला प्रयोगातून उचलून, तोंडावरच्या रंगासकट नदीपर्यंत नेलं ते वेनजुननेच. पुढचा सगळा हिवाळा ती पेइफेनच्या खोलीत जमिनीवर झोपली. त्या दिवशी सकाळी पेइफेन मुलाला काय बोलली होती, हे जगात एका वेनजुनला माहीत होतं. मला नव्हतं, आणि मी कधी विचारलं नाही.

पुढे मंडळी ढेपाळली. म्हातारे प्रेक्षक घरी बसले, तरुण आलेच नाहीत. वेनजुन हुशार. तिने मोबाइलवरून गाणं सुरू केलं. दोघी वेश करून बसायच्या, दोन पदं म्हणायच्या, मध्येच आमच्याकडचे भाजलेले फेइझ, बदामासारखे दाणे, विकायच्या. बरं चाललं होतं. त्यातूनच हांगजौची ती कंपनी आली.

कंपनीकडून नी नावाची तरतरीत मुलगी यायची. डिजिटल माणसं बनवतो म्हणाली. पेइफेनला काही कळेना.

"म्हणजे बाहुली?"

"नाही मावशी, तुम्हीच. स्क्रीनवर. तुम्ही हसता तशी हसेल, गाता तशी गाईल."

"मग मी काय करू? स्वयंपाक?"

वेनजुन मध्ये पडली. "अगं, नाटकात येणाऱ्या नव्या मुलींना शिकवायला आहे हे. उद्या आपण नसू. तुझी ती गळ्यातली हरकत, ती मान वळवणं, कोण दाखवणार त्यांना? सांस्कृतिक केंद्रात ठेवणार आहेत. ठेवा म्हणून."

ठेवा हा शब्द पेइफेनला पटला. आपल्यामागे आपलं काही राहील, असं मूल गेल्यापासून तिला कधी वाटलं नव्हतं.

चित्रीकरण बरेच दिवस चाललं. हिरव्या पडद्यापुढे तिला बसवायचे. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, रागवा, लाजा, आकडे म्हणा. मी साथीला होतो. शेवटी नी म्हणाली, "मावशी, आता रडायचं."

पेइफेनने पांढऱ्या लांब बाहीने डोळे टिपले, अंग थरथरवलं. नाटकातलं रडू, एकदम सुरेख.

"हे नको," नी म्हणाली. "खरं हवं. चेहरा पूर्ण दिसायला हवा."

"खरं रडू मागून येतं होय, पोरी?"

तेव्हा वेनजुन उठली. कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी स्टूल ओढून बसली आणि हळू म्हणाली, "पेइफेन, माझ्याकडे बघ. शियाओहे दारातून बाहेर पडला, त्याच्या पाठीवर दप्तर होतं. तू काय म्हणालीस त्याला? मला सांग. मलाच सांगतेयस असं समज."

पेइफेन तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी म्हटलं, जा, परत तोंड दाखवू नकोस." आणि मनगट तोंडावर दाबून ती जी रडली, तसं मी आयुष्यात कुणाला रडताना ऐकलं नाही. माझ्या हातातला गज खाली पडला. वेनजुनही रडत होती, हे मी पाहिलं आहे. तेवढं तिच्या बाजूने सांगायला हवं.

नंतर तीनचार महिने काही नाही. केंद्रातल्या मुलींना काही दाखवलं गेलं नाही. पेइफेन अधूनमधून विचारायची, वेनजुन म्हणायची, काम चालू आहे. मोबाइलवरचं गाणंही वेनजुनने थांबवलं होतं. घसा दुखतो म्हणाली.

एक दिवस पेइफेन बाजारात टोफू घ्यायला गेली, मी बरोबर होतो. टोफूवाली तोंडभरून हसली.

"ताई, तुम्ही झोपता तरी कधी हो? बघावं तेव्हा तुम्ही हजर. आणि दिसता किती तरुण! ते मलमच लावता वाटतं तोंडाला?"

"कसलं मलम?"

"घ्या! मलाच विचारतात. गुडघ्याचं. मी दोन डब्या मागवल्या, तुम्ही एवढ्या रडलात म्हणून."

तिने मोबाइल पुढे धरला. पेइफेन होती त्यात. तिशीतली, नितळ, केसांत मोती. दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढता येत नव्हता, सून हसायची, असं ती सांगत होती. पेइफेनला सून कुठली! आणि मग तिने मनगट तोंडावर दाबलं आणि रडली. तेच रडू. मध्ये श्वास अडकतो तो तसाच, जिथल्या तिथे. खाली लोक लाल बदामांची चिन्हं पाठवत होते.

पेइफेनने टोफू तिथेच ठेवला. रस्त्यात एकदाच बोलली. "थोंगदा, त्यांनी आम्हा दोघींना फसवलं. वेनजुनला कळलं तर तिला धक्का बसेल."

आम्ही तडक वेनजुनकडे गेलो. पेइफेनने चपलाही काढल्या नाहीत.

"अहो, ऐकलंत का? त्या नीने मला मलम विकायला बसवलंय! शियाओहेचं रडू लावलंय त्याला!"

वेनजुन उभी होती ती बसली. चहा ओतायला लागली. कप भरून वाहिला तरी ओतत होती. "बघते मी," ती म्हणाली. "कंपनीला फोन करते. तू जाऊ नकोस कुठे, तुला त्रास होईल. मी बघते."

"तुम्हालाही वापरलं असेल हो त्यांनी."

"बघते म्हटलं ना."

परतताना पेइफेन म्हणाली, "पाहिलंस? कप भरला तेही कळलं नाही तिला." मला ते वेगळं वाटलं होतं. पण मनात आलेलं सगळंच तोंडावर आणायचं नसतं, असं तेव्हा वाटलं.

आठवड्याभराने शांगवू गावच्या सरपंचांचा फोन आला. तिथल्या देवळापुढच्या रंगमंचावर जत्रेत दरवर्षी आमच्या जोडीचा प्रयोग व्हायचा. या वर्षी जत्रेत नाटक नाही, असं वेनजुनने आम्हाला सांगितलं होतं.

"ताई, तब्येत कशी आहे आता?" सरपंच विचारत होते. "वेनजुनबाई म्हणाल्या तुम्हाला अंथरुणातून उठवत नाही. काळजी करू नका. तुम्ही नसलात तरी स्क्रीनवर आहातच. गावाला बघायचंय की नवीन तंत्र."

पेइफेनने फोन ठेवला. कोट घातला. "चल," म्हणाली.

आम्ही पोचलो तेव्हा दुपारचा प्रयोग सुरू झाला होता. अंगण भरलं होतं. म्हाताऱ्या बाया घरून आणलेल्या बाकड्यांवर बसून बिया सोलत होत्या. आम्ही मागे खांबाशी उभे राहिलो. प्रवेश निरोपाचा होता: नवरा परीक्षेसाठी राजधानीला निघतो, बायको पुलापर्यंत सोडायला येते. वेनजुन निळ्या झग्यात उभी होती, आणि तिच्यासमोर माणसाएवढ्या उंच स्क्रीनवर पेइफेन. तरुण पेइफेन. तिचा आवाज कुठे कापत नव्हता, कुठे धाप लागत नव्हती. वेनजुन जिथे थांबे तिथे तीही थांबे. माझ्या जागी कुणी नव्हतं. वाद्यं यंत्रातून वाजत होती.

मग निरोपाचं रडणं आलं. स्क्रीनवरच्या बाईने मनगट तोंडावर दाबलं.

बिया सोलणं थांबलं. पुढच्या बाकड्यावरची एक म्हातारी डोळे पुसू लागली. वेनजुनने हात पुढे केला, जसा ती आयुष्यभर करत आली होती, आणि काचेवर तो हलकेच टेकवला. टाळ्या पडल्या.

मला वाटलं, आता पेइफेन ओरडेल. पण ती गर्दीतून वाट काढत रंगमंचामागे गेली. वेनजुन आत आली ती समोर हिला बघून जागच्या जागी थिजली. टोपीची लांब पाती हलत राहिली.

"तू आजारी आहेस असं..."

"मीही ऐकलं," पेइफेन म्हणाली. "कंपनीच्या करारावर कोणी सही केली?"

वेनजुन माझ्याकडे बघू लागली.

"थोंगदाकडे काय बघतेस? मी विचारतेय. माझ्या नावाची सही कोणी केली?"

"मी," वेनजुन म्हणाली. "आपल्या दोघींची केली. जोडी हवी होती त्यांना. एकटीला घेत नव्हते. पेइफेन, ऐक. तुझा आवाज तीन वर्षांपासून उतरतोय. वरचा सूर लागत नाही तुला. मी माझा वाढवून झाकायचे, तुला कळू दिलं नाही. किती दिवस झाकणार होते? लोक हसले असते तुला. आता बघ, कुणी हसलं? रडले सगळे!"

"मला सांगायचं होतंस. मी खाली बसले असते. तुला दुसरी बायको मिळाली असती."

"मला दुसरी नको होती," वेनजुन म्हणाली, आणि ते ती मनापासून म्हणाली. म्हणूनच ते ऐकवेना.

"आणि ते स्टूल?" पेइफेनने विचारलं. "ते स्टूल ओढून माझ्यासमोर बसलीस तेव्हा माहीत होतं तुला? हे मुलींसाठी नाही, हे माहीत होतं?"

बाहेर नगारा वाजला. पुढचा प्रवेश. वेनजुनने मान खाली घातली. "माहीत होतं," ती म्हणाली.

पेइफेनने दोन्ही हातांनी तिची तिरकी झालेली टोपी सरळ केली. सवयीने केली असावी. मग म्हणाली, "जा तुम्ही, चाईबाई. प्रेक्षक थांबलेत." इतकी वर्षं तिला "अहो" म्हणताना जे हसू असायचं, ते त्या "तुम्ही"त नव्हतं.

पुढचं काम सोपं निघालं, याचंच मला नवल वाटलं. कायदा पेइफेनच्या बाजूने होता. माणसाचा चेहरा आणि आवाज त्याच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही. पेइफेनच्या भाचीने वकील गाठला, आणि कोर्टाची पायरी चढायच्या आधीच कंपनी वाकली. नी स्वतः आली, सोबत फळांची टोपली. मुलगी खरंच शरमली होती.

"आम्हाला चाई मावशी म्हणाल्या की तुमची संमती आहे. आम्ही सगळं पुसून टाकलंय. तुमच्यासमोर दाखवते."

तिने मोबाइलवर नाव टाइप करून दाखवलं. काही सापडलं नाही.

"माझं रडू पुसलंत?" पेइफेनने विचारलं.

"पुसलं, मावशी."

"कसं पुसतात गं ते?"

नीने मोबाइल खिशात घातला. टोपली ठेवून ती गेली. पेइफेनने फळं शेजारच्यांना वाटून टाकली.

वेनजुनचं थांबलं नाही. कंपनीने निंगबोच्या एका नटीशी रीतसर करार करून दुसरी नायिका बनवली. वेनजुन तिच्याबरोबर गाते. गावागावांतून बोलावणी येतात. चांगलं गाते, खोटं कशाला बोलू.

थंडी सरता सरता ती एकदा पेइफेनकडे आली. मी तिथे पत्ते खेळायला गेलेलो होतो. हातात वाफाळत्या बन्सची करंडी, पेइफेनच्या आवडीच्या दुकानातली. पेइफेनने तिला आत घेतलं, खुर्ची दिली, चहा दिला. पाहुण्याला देतात तशी बशीत शेंगदाण्याची मिठाईही दिली.

वेनजुनने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. मग एकदम फुटली. "अगं, शिव्या दे मला! काहीतरी फेकून मार! आपण काय कधी भांडलो नाही? त्या शांगवू गावी तू माझ्या अंगावर बूट फेकला होतास!"

"भांडायला आपलं माणूस लागतं," पेइफेन म्हणाली. "चहा गार होतोय तुमचा."

वेनजुन माझ्याकडे वळली. "थोंगदा, तू तरी सांग तिला."

"काय सांगू?" मी म्हणालो. दोघींच्या मधे बसून मी आयुष्यभर सूर जुळवले, पण ते गाण्याचे.

ती गेली. करंडी तशीच टेबलावर राहिली. पेइफेनने पत्ते पिसले आणि खेळ पुढे चालू केला. त्या दिवशी ती जिंकली.

वसंतात पितरांचा सण येतो, तेव्हा सगळी माणसं कबरी झाडायला जातात. त्या वर्षी पेइफेनच्या गुडघ्यांनी साथ दिली नाही, म्हणून तिच्याबरोबर मी टेकडी चढलो. शियाओहेची कबर लहान आहे, बांबूंच्या कडेला. मी गवत उपटलं. तिने उदबत्त्या लावल्या, हिरवे गोड गोळे मांडले, कागदी नोटा जाळल्या. दरवर्षी इथे ती वेनजुनच्या खांद्यावर डोकं टेकून पोटभर रडायची. मी खाली रस्त्यावर थांबायचो, तिथवर ऐकू यायचं.

या वेळी ती नुसती बसून राहिली. राख उडून तिच्या कोटावर बसली. मी जरा लांब जाऊन पाठमोरा उभा राहिलो, तिला संकोच नको म्हणून. तरी काही ऐकू येईना.

थोड्या वेळाने तिने हाक मारली. "चल थोंगदा, उतरू या."

"बस की अजून. घाई काय आहे?"

"बसून काय करू?" ती म्हणाली. "रडू इथवर येतं," तिने गळ्याला हात लावला, "आणि मग वाटतं, हे मी कुठेतरी पाहिलंय. त्या टोफूवालीच्या मोबाइलमध्ये. मग येतच नाही."

मी तिला हात दिला. वाट ओली होती. ती एकेक पाऊल जपून टाकत उतरत होती, आणि मध्येच थांबून म्हणाली, "त्या सकाळी मी त्याला काय बोलले, ते आता तुलाही माहीत झालंय. त्या नीला माहीत, कॅमेऱ्यावरच्या पोराला माहीत." मग पुढे चालू लागली.