किटली ओतणारे हात

ॲव्हरिल पॉडमोरच्या किटल्या इतक्या लख्ख असत, की त्यांत कधी चहा झाला असेल यावर कुणाचा विश्वास बसला नसता. चर्चच्या सेलमधून, मेलेल्यांच्या आवरलेल्या घरांतून जुन्या किटल्या उचलून आणायच्या, सोडा घालून आतबाहेर घासायच्या, पांढऱ्या चादरीवर ठेवून फोटो काढायचा आणि ऑनलाइन लिलावात चढवायच्या, हा तिचा धंदा. नवरा गेल्यापासून तोच विरंगुळा. पण तिचं गाव बर्स्लम चिनीमातीच्या कारखान्यांचं, म्हणजे किटल्यांचं माहेर. तिथे घरोघरी कुणी ना कुणी किटली विकत असतं, आणि सगळ्यांच्या चादरी पांढऱ्याच. ॲव्हरिलच्या मागच्या खोलीत चाळीसेक किटल्या पडून होत्या.

"ईस्टरपर्यंत बघ," डार्बीहून तिची लेक जनीन म्हणाली होती. "नाही चाललं तर इकडे ये. मी खोली रंगवून ठेवते. तिथे त्या भांड्यांशिवाय तुझं आहे तरी कोण?" ॲव्हरिल तेव्हा हो म्हणून बसली. आता ईस्टर जवळ आला, तसा घर सोडायचा विचार तिला नकोसा होऊ लागला.

त्यातच तिला त्या लिलावात जवळच्या बिडल्फ गावचा कुणी ब्लूर सापडला. त्याच्या किटल्यांवर बोलीवर बोली चढत होती. किटल्या तिच्यासारख्याच, साध्या. फक्त फोटो वेगळे. प्रत्येक फोटोत कुणीतरी चहा ओतत होतं आणि दर वेळी हात निराळा. एक तीन अंगठ्या घातलेला, सुरकुतलेला. एक केसाळ, मनगटावर नांगर गोंदलेला. एकाच्या करंगळीला टोकच नाही. खाली लिहिलेलं, 'पहिल्या कपाला ठिबकते, मग शहाण्यासारखी वागते.'

"मेला किटली विकतोय की तिच्या चुगल्या करतोय?" ॲव्हरिल फोनच्या पडद्याला म्हणाली. पण तिची नजर त्या हातांवरून हलेना. एवढे हात आणले कुठून याने? भाड्याने?

आणि एके सकाळी तिला निळ्या पट्ट्यांची किटली दिसली. झाकणाच्या काठाला तांदळाएवढा टवका. ही तर तिचीच! शरद ऋतूत तिने ती सहा पौंडांना विकली होती आणि स्वतःच्या हाताने बांधून बिडल्फला पाठवली होती. आता ती आतून तपकिरी झाली होती, अंगठीवाल्या हातात होती, आणि बोली तिसाच्या वर गेली होती. ॲव्हरिलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पार्सलवर लिहिलेला पत्ता तिला आठवत होता. तिने कोट चढवला आणि बस पकडली.

पत्ता निघाला एका चॅपलच्या हॉलचा. आत म्हातारी मंडळी टेबलांभोवती बसली होती आणि प्रत्येक टेबलावर एक किटली होती. ॲव्हरिलला चेहरे एकही ओळखीचे नव्हते. हात मात्र सगळे ओळखीचे होते. नांगरवाला बिस्किट बुडवत होता. तुटकी करंगळी पत्ते पिसत होती.

एप्रन बांधलेला एक उंच, वाकलेला माणूस पुढे आला. "मी विल्फ ब्लूर. बसा ना, चहा घ्या."

"चहा राहू दे. मी ॲव्हरिल पॉडमोर. माझी किटली सहाला घेऊन तिसाला विकताय, लाज नाही वाटत?"

"अहो, तुम्हीच का त्या सोडावाल्या!" विल्फचा चेहरा उजळला. "रेज, या बघ सोडावाल्या बाई!"

नांगरवाल्याने बिस्किट खाली ठेवलं. "बाई, तुमच्या किटलीतला पहिला चहा आम्ही मोरीत ओतला. नुसतं धुण्याचं पाणी! किटली अशी घासतं का कुणी? माझ्या आईने उभ्या जन्मात घासली नाही."

"पण स्वच्छ नको दिसायला?"

"दिसून काय करायचंय?" विल्फ म्हणाला. "लोकांना कळायला हवं, ठिबकते का, कान तापतो का, झाकण कपात पडतं का. ते फोटोत दिसत नाही, बाई. चार माणसांनी महिना-दोन महिने ओतून प्यायल्याशिवाय मलाही कळत नाही. मी यांना चहा पाजतो, हे किटलीला नावं ठेवतात, मी ती लिहितो."

"आणि खोड नसली तर हा शोधायला लावतो," अंगठीवाली म्हणाली. सगळे हसले. ॲव्हरिलला हसायचं नव्हतं, पण हसू आलं. दोन कप पिऊन ती निघाली. राग कुठे गेला ते तिलाही कळलं नाही.

घरी येताच तिने अजून न घासलेली एक पिवळी किटली काढली, सोडा न लावता चहा केला आणि फोटो काढायला बसली. उजव्या हाताने ओतायचं, डाव्याने फोन धरायचा. फोटोत नुसती वाफ आणि टेबलाचा कोपरा आला. किटली सहा कपांची. तिने दोन संपवले, बाकीचा निवून गेला. एका बाईने एक किटली मुरवायची म्हटली तरी वर्ष जाईल, चाळीसांचं काय? विल्फकडे काय होतं ते तिला आता नीट कळलं, आणि आपल्याकडे ते नाही हेही.

पण काखेत कळसा आणि गावाला वळसा. शेजारी भिंतीला भिंत लावून कॉनी शेरॅट राहत होती. कुंपणाची झुडपं कुणी कापायची यावरून दोघींचं बोलणं कधीचं बंद होतं. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ॲव्हरिलने जीव मुठीत धरून तिचं दार वाजवलं.

"कॉनी, जरा हात हवा होता."

"कशाला? झुडपं कापायला?"

"चहा ओतायला."

कॉनीने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "डोकं ठिकाणावर आहे ना?" असं म्हणाली, पण चपला बदलायला आत गेली.

कॉनीच्या संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांत पिवळी किटली झोकात बसली. फोटो छान आला. "कान अरुंद आहे, बोट भाजतं," कॉनी म्हणाली. "लिही. आणि शेरॅटबाईंनी सांगितलं म्हणून लिही." मग ती दुसरा कप ओतून घेऊन टेकली आणि झुडपांवरून जे ऐकवायचं राहिलं होतं ते सगळं तिने ऐकवलं.

मध्येच जनीनचा फोन आला. "आई, भिंतीला जांभळा रंग देऊ की पिवळा?"

"नंतर बोलू गं, घरी माणसं आलीत."

"माणसं? तुझ्याकडे?"

"हो. आणि खोली रंगवू नकोस."

तिने फोन ठेवला. कॉनी कपाच्या तळाशी बघत होती. "ही विकली गेली, तर पुढच्या गुरुवारी कशातून प्यायचं?"

ॲव्हरिलने मागच्या खोलीचं दार उघडलं. फळ्यांवर चाळीस किटल्या लखलखत होत्या.

"अगं बाई!" कॉनी म्हणाली. "एवढ्या मुरेपर्यंत मी जगेन का?"

"जगावंच लागेल तुला," ॲव्हरिल म्हणाली आणि तिच्या कपात चहा ओतला.