फक्त हात

दिग्दर्शक पोरसवदा, सिनेमा पहिलाच आणि हौस दांडगी. गरिबी दाखवायची म्हणून त्याने सुरुवातीच्या प्रसंगात काय काय कोंबावं! पोपडे सुटलेली भिंत, गळका नळ, मिचमिचणारा दिवा, रिकाम्या बाटल्यांची रांग, वर माश्या. कॅमेरा तर असा हलवलेला, की बघणाऱ्यालाच चढावी. एडिटिंगच्या खोलीत ते चित्रण पहिल्यांदा बघताना ताई हसून म्हणाली, "अरे, दारुड्याच्या घरात एवढं सामान राहतं होय? ह्या बाटल्या त्याने कधीच भंगारात विकल्या असत्या."

ती सिनेमांची संकलक. धंद्यात तिला लहानथोर सगळेच ताई म्हणत. दोन पडद्यांसमोर बसून कापाकापी करण्यात केस पिकले होते. तिने नळ उडवला, माश्या उडवल्या, दिवा शांत केला. उरलं ते एका माणसाचं कपातून दारू पिणं. नायकाचे हात लोण्यासारखे मऊ, म्हणून प्रॉडक्शनवाल्याने एका गुत्त्यासमोरून खराखुरा पिणारा पकडून आणला होता. हात त्याचे, पुढे चेहरा नायकाचा. शॉट खिडकीबाहेरून, लांबून, अर्ध्या अंधारात घेतलेला. त्या माणसाने कप उचलला तो अगदी सुरळीत.

"ताई, ह्याचे हात थरथरतच नाहीत हो," दिग्दर्शक रडकुंडीला आला होता.

"तुम्ही त्याला आधी पाजलंत ना?"

"पाजल्याशिवाय तो यायलाच तयार नव्हता."

"तिथेच तर घोडं पेंड खातं. पिणाऱ्याचा हात प्यायल्यावर थरथरत नाही, मिळाली नाही की थरथरतो. शॉट परत घ्या, पण आदल्या सकाळपासून त्याला थेंब देऊ नका. बसवून ठेवा. आणि कॅमेरा अगदी जवळ न्या. चेहरा नको, फक्त हात."

दिग्दर्शक बघतच राहिला. "तुम्हाला एवढं कसं माहीत?"

"माहीत आहे," म्हणून तिने विषय मिटवला.

माहीत नसायला काय झालं! घरात धाकटा भाऊच तसा होता. सगळे त्याला बारक्या म्हणत. रोज सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा, तरी निम्मा चहा सांडायचा. आई होती तोवर तिने पदराखाली झाकलं. आई गेली आणि महिना झाला नाही तोच त्याने तिचं शिलाई मशीन विकलं, तेव्हा ताईने त्याला दाराबाहेर काढलं. येईल नाक घासत परत, असं तिला वाटलं होतं. तो आला नाही. मग तीच वेड्यासारखी शोधत फिरली, गुत्ते पालथे घातले, पोलिसांचे उंबरे झिजवले. वर्षं लोटली तरी रस्त्यात कुणी पडलेला दिसला, की ती अजून वाकून तोंड बघायची.

नवा शॉट घेतला त्याच्या दुसऱ्या दिवशी चित्रण ताईकडे आलं. पडदाभर दोन हात. आणि काय थरथरत होते! बोटं टेबलावर आपटत होती, थांबवायला गेलं तर मनगटं उडत होती. "वा!" ती एकटीच मोठ्याने म्हणाली आणि कुठे कापायचं त्याची खूणही करून मोकळी झाली.

मग त्या हातांनी कप घेतला. तोंडाकडे नेण्याआधी अंगठा कडेवरून गोल फिरला, टवका उडालेली जागा त्याला सापडली आणि कप वळला, टवका पलीकडे. ताई पडद्याकडे झुकली. लहानपणी त्यांच्या घरात एकही कप धड नव्हता. ओठ कापू नये म्हणून आईने दोघांना असंच चाचपायला शिकवलं होतं. तिने चित्र थांबवलं, मोठं केलं. डाव्या करंगळीचं नख दुभंगलेलं होतं. ते बोट दारात चेमटलं तेव्हा त्याला कडेवर घेऊन दवाखान्यात तीच धावली होती.

तिने चित्रण मागे नेलं, पुढे नेलं, क्लॅपची पाटी वाजण्याआधीचे तुकडे पाहिले. चेहरा एकाही फ्रेममध्ये नव्हता. कसा असेल? तिनेच नको म्हटलं होतं.

तिने प्रॉडक्शनवाल्याला फोन लावला. "तो हातांचा माणूस कुठे आहे?"

"तो होय! ताई, तुम्ही सांगितलंत तसाच खोलीत बसवून ठेवला. बाहेरून कडी घालावी लागली. रात्रभर ओरडत होता बिचारा. पण शॉट काय झाला ना!"

"आत्ता कुठे आहे?"

"शॉट झाला आणि फिट आली हो त्याला. सरकारी रुग्णालयात टाकलाय. नाव विचारलं तर ते पण धड सांगेना..."

पुढचं तिने ऐकलं नाही. पर्स, चष्मा, सगळं तिथेच टाकून ती रिक्षात बसली. देवा, जिवंत असू दे, एवढंच तिच्या तोंडात होतं.

तो जिवंत होता. वॉर्डाच्या टोकाच्या खाटेवर, मनगटं पट्ट्यांनी खाटेला बांधलेली. गाल आत बसलेले, दाढी तिच्या केसांहून पांढरी. नर्सने विचारलं, "तुम्ही कोण ह्यांच्या?" सख्खी बहीण, हे शब्द बाहेर पडताना तिला लाज वाटली.

"बारक्या," ती वाकून म्हणाली.

त्याचे डोळे तिच्या तोंडावरून फिरले. ओळख कुठेच नव्हती.

"मॅडम," तो घाईघाईने म्हणाला, "झाला ना शॉट? आता तरी द्या हो. म्हणालात तेवढं थांबलो मी."

"अरे, मी आहे रे. ताई."

त्याने कपाळाला आठ्या घातल्या, काहीतरी जुळवून पाहिलं, पण जुळेना. मग त्यालाच काही सुचलं. पट्टे ताणतील तेवढे दोन्ही हात त्याने तिच्यापुढे वर उचलले. "अजून एक घ्यायचाय का? घ्या. बघा, चांगले थरथरतायत. पण मग नक्की द्यायचं हं."

ताईने ते हात धरले. छातीशी ओढायला गेली तर पट्टे आडवे आले. तिला हुंदका आवरेना. "नको रे राजा, पुरे झालं. मला काही नको."

तो ओशाळला. तिच्या डोळ्यांतलं पाणी बघून त्याचा आवाज अगदी खाली गेला.

"का हो? नीट नाही झाला का?"