सहा बोटांचा फर्मा

मित्रांनो, मी एक जुना फर्मा आहे. चप्पल किंवा बूट शिवताना त्याला आकार यावा म्हणून आत लाकडी पाय घालतात, तो मी. मी बाभळीचा आहे, उजव्या पायाचा आहे आणि मला सहा बोटं आहेत. पाथरीत बसस्थानकाजवळ रंगनाथचं चपलांचं दुकान आहे. तिथल्या फळीवर पुष्कळ फर्मे आहेत. सहा बोटांचा मी एकटाच.

रंगनाथची बायको चतुराबाई लग्न होऊन आली, तेव्हा उजवा पाय लुगड्याखाली ओढून बसायची. करंगळीच्या शेजारी तिला एक जास्तीचं बोट होतं. बाजारातली कुठलीही चप्पल त्या बोटाला घासायची आणि रक्त यायचं. म्हणून ती अनवाणीच चालायची. चपला शिवणाऱ्याची बायको अनवाणी, म्हणून लोक रंगनाथला हसायचे.

एका दुपारी त्याने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, तिचा पाय त्यावर ठेवला आणि भोवती पेन्सिल फिरवली.

“काय बघायलाव एवढं?” ती म्हणाली.

“पाच बोटांचे पाय रोजच बघतो. असा तुझाच हाय.”

“गुदगुल्या व्हायल्यात. उरका लवकर.”

पुढचे अकरा दिवस त्याने पटाशी आणि कानस घेऊन मला घडवलं. त्यानंतर तेहतीस वर्षं दरवर्षी माझ्यावर तिची नवी चप्पल तयार झाली. तिचा पाय रुंद झाला, अंगठ्याजवळचं हाड वाढलं, तसं त्याने मलाही चामडं चिकटवून रुंद केलं. तिचा पाय आणि मी बरोबरच म्हातारे झालो. गिऱ्हाइकं मला हातात घेऊन म्हणायची, “काय हुबेहूब काम हाय!” मला ते फार आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी चतुराबाई गेली. तिच्या चपला घरच्यांनी देऊन टाकल्या. रंगनाथ काम नसलं तरी मला मांडीवर घेऊन बसायचा आणि माझ्या सहाव्या बोटावरून अंगठा फिरवायचा. मला दुःख झालं होतं. पण खरं सांगतो, अभिमानही वाटत होता. चतुराबाईचा पाय आता जगात फक्त माझ्यापाशी होता.

हा अभिमान वर्षभर टिकला. रंगनाथचा मुलगा बजरंग परभणीला राहतो. त्याला मुलगी झाली. तिचं नाव अपेक्षा. तिच्या उजव्या पायाला सहा बोटं होती.

ती धरून धरून उभी राहू लागली, तेव्हा तिला घेऊन सगळे दुकानात आले. सून मनिषा शाळेत विज्ञान शिकवते. रंगनाथने तिला विचारलं, “बजरंगला तर पाचच बोटं हायत. मग पोरीला कुठून आलं हे?”

“मामा, शरीर कसं घडवायचं याच्या सूचना आईबापाकडून मिळतात. त्याला जनुकं म्हणतात. आत्याबाईंची ती सूचना ह्यांच्यात आली असंल, पण दिसली न्हाई. पोरीत दिसली.”

“म्हंजी बजरंगच्या अंगात चतुरा गप बसून व्हती?”

“आई? आन् गप?” बजरंग म्हणाला. सगळे हसले. रंगनाथ कितीतरी महिन्यांनी हसला.

मनिषाने आणखी सांगितलं. फार जुन्या काळी प्राण्यांना पहिल्यांदा पाय फुटले, तेव्हा त्यांच्यातल्या काहींना एका पायाला आठ-आठ बोटं होती. पुढे कोट्यवधी वर्षांत आपल्या वंशात पाच ठरली.

मी फळीवर जळत होतो. रंगनाथने पुन्हा पुन्हा बघून मला घडवलं. ही जनुकं कुणाकडे न बघता पाय घडवतात, तोही गरम, हलणारा. आणि मग तो पाय पुढच्याला देतात. माझ्यापासून आजवर एकही फर्मा जन्मला नाही.

तेवढ्यात बजरंग बापाला म्हणाला, “दादा, येत्या गुरुवारी बोट काढून घ्यायलोत. चप्पल बसणार न्हाई, शाळंत पोरं हसतील.”

मित्रांनो, सांगायला लाज वाटते. मला आनंद झाला. ते बोट कापावं आणि मी पुन्हा एकटा उरावा, असं मला मनापासून वाटलं.

“ठिवलं तर धोका हाय का?” रंगनाथने विचारलं.

“न्हाई. डॉक्टर म्हणले, ठेवलं तरी चालतं.”

“दुखतं का तिला?”

“न्हाई.”

“तुझ्या मायचं बोट बी कधी दुखलं न्हाई. चप्पल चावायची. चप्पल मी करतो. पोरगी मोठी झाली की तिलाच इचारा, ठिवायचं का काढायचं.”

बजरंगने मनिषाकडे पाहिलं. “गुरुवारचं राहू द्या,” ती म्हणाली.

आता छोटा फर्मा हवा होता. रंगनाथने लाकूड शोधलं. जे मिळालं ते ओलं होतं, आणि ओलं लाकूड पुढे तडकतं. पोरगी तर आजउद्या चालणार होती. त्याने मला खाली घेतलं आणि बराच वेळ हातात धरलं. मग करवत उचलली.

“मामा, आत्याबाईंचा पाय हाय त्यो!” मनिषा ओरडली.

“चतुराचा पाय? त्यो बघ, फरशीवर उभा राहायलाय.”

माझी टाच गेली. चवडा गेला. सहावं बोट त्याने नव्याने कोरलं, ज्वारीच्या दाण्याएवढं. मी आता वीतभरही नाही. माझ्यावर लाल चप्पल शिवली गेली आणि ती घालून अपेक्षा दुकानाच्या दारापर्यंत चालली.

माझा हेवा अजून गेलेला नाही. चार महिन्यांत ती माझ्या मापातून बाहेर जाईल. पुढच्या फर्म्यासाठी पत्र्यावर बाभळीचं लाकूड वाळत घातलं आहे. मला त्या लाकडाचाही हेवा वाटतो.

तरी एक विनंती आहे. कुणाचा पाय चपलेत बसत नसेल, तर पायाला काही करण्याआधी चप्पल उसवून बघा. आणि कधी पाथरीला आलात तर मला फळीवरून काढून जरा पुसून ठेवा. हल्ली रंगनाथला वेळ नसतो. पोरगी आली की तो दुकान उघडं टाकतो आणि तिचं बोट धरून बाहेर फिरत बसतो.