पिवळ्या जाकिटाचा माणूस

परीक्षा रविवारी सकाळी होती आणि शनिवारी संध्याकाळी सुनेच्या चमूतला एक गडी ताप येऊन झोपला. जंगलवाटांवर सायकलस्वारांना नेणारी वाटाडी व्हायचं असेल, तर चार नवशिक्यांना घेऊन जंगल चढायचं, वरच्या माळरानावर फिरवायचं आणि धडधाकट खाली आणायचं, असा नियम होता. तिघांवर भागवतो म्हटलं तर परीक्षकबाई आल्या पावली परत जाणार. सून फोनवर फोन करत सुटली. कोणाची पाठ धरली होती, कोणाकडे पाहुणे होते, कोणाचा नुसताच नकार. शेवटी पेपरामागून सासऱ्यांचा आवाज आला, "मी येतो की. सायकल जन्मभर चालवलीये."

सुनेला धास्ती वाटली. सासरे दणकट होते, ती अडचण नव्हती. बस चालवून निवृत्त झाले तरी बाजारात अजून सायकलनेच जात. अडचण ही, की त्या माणसाने घरात कोणाचं म्हणून ऐकलेलं नव्हतं. मीठ कमी करा म्हटलं की मिठाची बरणी जवळ ओढत. कान तपासून घ्या म्हटलं की म्हणत, तुम्हीच जरा नीट बोलायला शिका. जिथे पोटच्या मुलाचं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, तिथे सुनेचा काय पाड? चष्म्याच्या दुकानातली बसल्या जागची नोकरी सोडून ती वाटाडी होणार, हे कळल्यावर त्यांनी एवढंच विचारलं होतं, की हल्ली लोकांना सरळ रस्ते पुरत नाहीत का. पण गरजवंताला अक्कल नसते. तिने त्यांच्या डोक्याला बसेल असं हेल्मेट शोधायला घेतलं.

जंगलाच्या तोंडाशी पोचल्यावर मात्र ती धास्ती कुठल्या कुठे गेली. या वाटा तिच्या अंगवळणी पडलेल्या होत्या. त्या कोणी बांधलेल्या नव्हत्या. पाण्याने, जनावरांनी आणि चाकांनी आपसूक पडलेल्या होत्या, हातभर रुंद आणि मनाला येईल तशा वळणाऱ्या. ओलं मूळ आलं की सरळ ओलांडायचं, त्याच्यावर असताना ब्रेक दाबायचा नाही. चिखल आला की खुशाल त्याच्यातून जायचं. कडेने गेलात तर वाट रुंदावत जाते आणि झुडपं मरतात. झाडाकडे बघू नका, झाडावरच जाल. दोन झाडांमधल्या फटीकडे बघा. चौघे ऐकत होते: एक बेकरीवाला, त्याची बहीण, एक दातांचे डॉक्टर आणि सासरे. परीक्षकबाई जरा बाजूला उभ्या होत्या. त्या काही सांगणार नव्हत्या आणि काही विचारणार नव्हत्या, नुसत्या पाहणार होत्या.

या वाटाड्यांत एक पद्धत असते. वाटेला फाटा फुटला की वाटाड्याच्या मागचा माणूस तिथे उभा राहतो, चुकीच्या फाट्यावर सायकल आडवी लावतो आणि मागून येणाऱ्यांना बरोबर वाट दाखवतो. त्याला खांब म्हणतात. सगळ्यात शेवटी एक जण पिवळं जाकीट घालून येतो. तो दिसला की मागे कोणी उरलं नाही असं समजायचं आणि खांबाने त्याच्या पुढे निघायचं. जाकीट डॉक्टरांना दिलं होतं.

ओढ्याच्या फाट्यावर नेमके सासरे तिच्या मागे होते. डावी वाट माळावर जात होती आणि उजवी जुन्या दगडखाणीच्या कड्याकडे. ती म्हणाली, "बाबा, पिवळं जाकीट दिसेपर्यंत इथून हलायचं नाही." सासरे "बरं" म्हणाले, आणि इतक्या चटकन म्हणाले की तिला संशयच आला.

पुढचा चढ दम काढणारा होता. झाडं संपली, ऊन अंगावर आलं आणि गुडघाभर झुडपांचा माळ पसरलेला दिसला. सून कडेच्या मोठ्या दगडापाशी थांबली. बेकरीवाला आला, बहीण आली, परीक्षकबाई आल्या. मग लालबुंद होऊन डॉक्टर आले. त्यांच्या मागे कोणी आलं नाही.

डॉक्टर म्हणाले, आजोबा फाट्यावर होते ना, मी जाताजाता ओरडलो की मीच शेवटचा, चला. येत असतील मागून. सगळ्यांनी वाट पाहिली. मागून वाऱ्याखेरीज काही आलं नाही. सासऱ्यांनी फोन पडून फुटेल म्हणून गाडीतच ठेवला होता. बेकरीवाला म्हणाला, पांगून शोधू या. त्याची बहीण उंचावरून दिसतं का बघायला झुडपांत शिरणार, एवढ्यात सुनेने तिला दंडाला धरून मागे घेतलं. त्या झुडपांत पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. डॉक्टर एकसारखं म्हणत होते की तो उजवा फाटा कड्याकडे जातो ना, आणि त्यांचं प्रत्येक वाक्य तिच्या काळजात रुतत होतं.

मग तिने डॉक्टरांकडे नीट पाहिलं. अंगात नुसता निळा टीशर्ट.

"डॉक्टर, जाकीट कुठाय?"

"फाट्याच्या आधीच उकडायला लागलं. बॅगेत टाकलं."

सुनेला सगळं लख्ख दिसलं. ती परीक्षकबाईंकडे वळली आणि म्हणाली, माझे सासरे फाट्यावर उभे आहेत, मी जाऊन घेऊन येते, बाकीचे इथेच थांबतील, एकही जण वाट सोडणार नाही. बाईंनी सकाळपासून पहिल्यांदा तोंड उघडलं.

"खात्री आहे?"

"आहे. मीच उभं केलंय त्यांना."

बोलून गेली खरी. पण सायकल वळवली आणि वळणाआड गेली, तेव्हा तिचं तिलाच हसू आलं. खात्री कसली? ज्या माणसाने साध्या मिठाचं ऐकलं नाही, तो तिच्या एका वाक्यावर रानात खांब होऊन उभा राहील? कंटाळून निघाले असतील तर? उजवीकडे? परीक्षा गेली खड्ड्यात, पण नवऱ्याला तोंड काय दाखवायचं? भीती वाटत होती आणि हात मात्र आपलं काम करत होते. मुळं आली, तिने ब्रेक सोडले. चिखल आला, ती त्याच्यामधून गेली. नजर दोन झाडांमधल्या फटीत ठेवली आणि उतार चाकांखालून भराभर मागे पडला. या उतारावर तिच्याइतकं नेटकं उतरणारं दुसरं कोणी नव्हतं आणि ते तिला ठाऊक होतं.

फाटा आला. सासरे उभे होते. उजव्या वाटेवर सायकल आडवी, दोन्ही पाय घट्ट रोवलेले, मान डासांनी फोडून काढलेली.

"तुझा पिवळा अजून आला नाही," ते म्हणाले. "एक निळा तेवढा बोंबलत गेला."

"तोच शेवटचा होता, बाबा. जाकीट काढलं होतं त्याने. तुम्ही का नाही आलात त्याच्या मागे? माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं."

"त्याचं कशाला ऐकू? तू पिवळं म्हणालीस." सासऱ्यांनी मान खाजवली. "माझ्या बसमध्ये उभा जन्म माझा शब्द चालला. कोणी मधे बोललेलं मी खपवून घेतलं नाही. इथे गाडी तुझी आहे. इथे तुझा शब्द."

तिला हुंदकाच आला. इतकी वर्षं त्या घरात ती बोलत होती, आणि कोणी ऐकतंय असं तिला आज पहिल्यांदा वाटलं.

मागे चाकं वाजली. परीक्षकबाई तिच्या मागोमाग उतरल्या होत्या, आणि त्यांनी सगळं ऐकलेलं होतं. त्या म्हणाल्या, "चूक डॉक्टरांची नाही, तुमची. खांबाला कपडा सांगायचा नाही, माणूस सांगायचा. कपडा काय, कोणीही काढून ठेवतं."

"हो. चूक माझीच," सून म्हणाली.

"पुढच्या रविवारी लोकांना घेऊन याल, तेव्हा लक्षात ठेवा."

एवढं बोलून त्या पुन्हा चढाला लागल्या. त्या वाक्याचा अर्थ सुनेपर्यंत पोचायला जरा वेळ लागला. सासऱ्यांच्या तो आधीच ध्यानात आला होता, पण ते जागचे तसूभर हलले नव्हते.

"मग मी आता निघू?" त्यांनी विचारलं.

तिने मान हलवली.

"मानेने नाही चालत," सासरे म्हणाले. "तोंडाने सांग."

"चला, बाबा," ती म्हणाली, आणि सासऱ्यांनी सायकल सरळ केली.