बऱ्या झालेल्या बायका

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, एक्स-रेच्या खोलीशेजारी, दर बुधवारी दुपारी सहा बायका गोल करून बसायच्या. मारकुट्या नवऱ्यांच्या तावडीतून सुटलेल्या, नाहीतर अर्धवट सुटलेल्या. प्लास्टिकच्या खुर्च्यांतली एक लंगडी होती. तिच्यावर काजवाली बसायची, कारण दुसरं कुणी बसलं असतं तर हिलाच अपराधी वाटलं असतं. शर्टांच्या कारखान्यात ती दिवसभर मशीनवर बटणांची काजं करायची, म्हणून सगळ्याजणी तिला काजवाली म्हणायच्या. तशीच गटात एक नर्सबाई होती, एक मास्तरीणबाई.

आल्या आल्या प्रत्येकीला एक कागद मिळायचा. नऊ प्रश्न. झोप लागते का, रडू येतं का, जगू नये असं वाटतं का. त्रास नसेल तर शून्य, फारच असेल तर तीन. पहिले दोन महिने काजवालीने खरं ते लिहिलं. कागदभर तीनच तीन. कुणीतरी विचारत होतं आणि उत्तर ऐकून हात उगारत नव्हतं, याचंच तिला अप्रूप. भावाच्या घरी थारा होता तोही या बुधवारांच्या जोरावर. "उपचार चालू आहेत तोवर राहा," भाऊ म्हणाला होता. "बरी झालीस की आपल्या घरी जा. दाजी रोज फोन करतायत." वहिनीने फक्त अंथरूण कुठे घालायचं ते दाखवलं, फ्रीज आणि दाराच्या मधे.

मग एका बुधवारी गट चालवणाऱ्या मॅडम आल्या त्या दार आपटून.

या सहाजणींना दुसरं काही येवो न येवो, दाराचा आवाज पक्का कळायचा. किल्ली कशी फिरली, चप्पल कुठे पडली, त्यावरून पुढची वेळ कशी जाणार हे ओळखण्यात त्यांची उमर गेली होती. नर्सबाईने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मास्तरीणबाई लगबगीने पाणी घेऊन आल्या.

"काही नाही हो," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "दवाखान्याचे साहेब म्हणतात, तुमच्या बायकांचे आकडे काही उतरत नाहीत. मग हा गट चालवायचाच कशाला?"

बाई मनाने चांगली, पण आपण कुणापुढे काय बोलून बसलो याचा तिला पत्ताही नव्हता.

त्या दिवशी कुणी कुणाला काही सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. समोरचं माणूस बिनसलंय, ते आपल्यामुळेच बिनसलंय, आणि त्याला हवं ते दिलं की ते शांत होतं, हे सहाहीजणी मार खाऊन शिकल्या होत्या. काजवालीने तिनाच्या जागी दोन लिहिले. पुढच्या बुधवारी एक. मॅडमचा चेहरा खुलत गेला तसं हिला हायसं वाटत गेलं. भावाचं बोलणं ती विसरली नव्हती. पण मॅडम समोर होत्या आणि नवरा अजून लांब होता. दीड महिन्यात सहाही कागदांवर शून्यं आली.

शेवटच्या बुधवारी मॅडमनी केक आणला. "सहाच्या सहा बऱ्या! साहेबांनी स्वतः अभिनंदन केलं. आता दुसऱ्या बायकांचा गट सुरू करू." प्रत्येकीच्या हातात एक पत्र दिलं. पूर्ण बरी, उपचारांची गरज नाही, असं त्यात लिहिलं होतं.

मॅडम, मी खोटं लिहिलं. मला अजून रोज वाटतं की जगू नये. एवढंच काजवालीला म्हणायचं होतं. तिने इकडेतिकडे बघितलं. बाकीच्या पाचजणी केककडे बघत होत्या, आणि एकीनेही तो तोंडात घातला नव्हता. तेव्हा तिला कळलं की खोटं आपण एकटीने लिहिलेलं नाही.

"काही सांगायचंय का तुम्हाला?" मॅडमनी हसून विचारलं. किती आनंदात होत्या त्या!

"तुमच्यामुळेच झालं सगळं, मॅडम," काजवाली म्हणाली.

मॅडमनी तिला मिठी मारली.

भावाने पत्र दोनदा वाचलं आणि लगेच फोन लावला. रविवारी दुपारी नवरा आला. काजवाली फ्रीजला टेकून कान देऊन उभी होती. स्कूटर हळू थांबली. स्टँड आपटला नाही. चपला जोडीने काढल्या गेल्या. आज मारणार नाही, तिने ओळखलं, आज तरी नाही, आणि एवढ्यावरच तिला बरं वाटलं, याबद्दल तिला स्वतःचीच शिसारी आली.

"कशी आहेस?" सगळ्यांसमोर नवऱ्याने गोड आवाजात विचारलं.

तिने आधी त्याच्या कपाळावरच्या आठ्या बघितल्या.

"बरी आहे," ती म्हणाली. "अगदी बरी."