चादरीचं दुसरं टोक

लाँड्रीवाल्या बाईंचा खाक्याच असा, की जे काय असेल ते तोंडावर. गिऱ्हाईक असो नाहीतर सख्खा भाऊ, समोर उभं करायचं आणि सोक्षमोक्ष लावून मोकळं व्हायचं. नवरा गेल्यावर याच खाक्यावर त्यांनी दुकान चालवलं, मुलीला वाढवलं. पाठीमागे लोक त्यांना फौजदार म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगू का, आवडायचंही.

पण मुलीपुढे फौजदारी चालेना. मुलगी म्हणजे घरातला रेडिओ, नावच पडलं होतं तसं. नर्सिंगला गेल्यापासून तर वॉर्डातली प्रत्येक बातमी जेवताना घरी पोचायची. आणि एके दिवशी ती हॉस्पिटलातून आली, आपल्या खोलीत जाऊन पडली आणि रेडिओ बंद. कॉलेजला जाईना, का जात नाही ते सांगेना. शेवटी कॉलेजातून फोन आला. सोमवारी हजर झाली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही, म्हणजे वर्ष गेलं.

बाईंनी समोर बसवून विचारलं. मग दरडावून विचारलं. मग गोडीत घेऊन पाहिलं, पण त्यांची गोडी म्हणजे दरडावणंच जरा हळू आवाजात. "कुणी काही बोललं? कुणी त्रास दिला? अगं, तोंड उघडशील का!" पोरीने कूस बदलली. मग मामाला बोलावलं. मामा पोटभर जेवला, आयुष्यावर व्याख्यान दिलं आणि निघून गेला. पालथ्या घड्यावर पाणी. बाईंना रडू यायचं बाकी होतं, आणि रडायला त्यांना वेळ नव्हता.

कारण शनिवारी लॉजच्या चादरी आल्या होत्या, आणि दुकानातली बाईंची जोडीदारीण बहिणीच्या बाळंतपणाला गेलेली. डबलबेडची चादर एकट्याने घडी करून बघा एकदा. एक टोक हनुवटीखाली धरा, दुसरं जमिनीवर लोळतं. दोन चादरी पुन्हा धुवायला टाकल्यावर बाईंनी कपाळावर हात मारला आणि खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"चल, कोपरे धर. बोलू नकोस हवं तर. मला माणूस नकोय, दोन हात हवेत."

काय वाटलं कोण जाणे, पोरगी उठली.

दोघींनी कोपरे धरले, चादर झटकली, ताणली. बाई पुढे आल्या, कोपऱ्याला कोपरा लावला, परत मागे गेल्या. हात उंचावून मागे गेलं की मधे चादर, पलीकडचं तोंड दिसत नाही. दहाबारा चादरी अशाच झाल्या. मग चादरीपलीकडून आवाज आला, "एक आजी होत्या."

बाईंच्या तोंडात "कोण आजी?" आलंच होतं. त्यांनी ते गिळलं. समोर उभं करून आठवडाभर जे मिळालं नाही, ते तोंड झाकल्यावर येतंय, एवढं त्यांना कळलं. "ही घे," त्या म्हणाल्या आणि पुढची चादर झटकली.

"त्यांनी मला हाक मारली. मी आलेच म्हटलं."

"हं."

"आणि विसरले, आई. मग आठवण झाली तेव्हा कॉट रिकामी होती. चादर बदलत होते."

त्यात तुझी काय चूक, डॉक्टर काय करत होते, असली शंभर वाक्यं बाईंच्या जिभेवर तयार होती. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण त्या दिवशी बाईंनी ते कुठून तरी पैदा केलं. "काय हवं होतं त्यांना?" त्यांनी विचारलं.

"उशी सरकवून हवी होती. नुसती उशी." पलीकडे चादर थरथरली. "मला कुणी रागावलंसुद्धा नाही गं. कुणाला माहीतच नाही."

बाईंना वाटलं, सगळं टाकून तिला पोटाशी धरावं. पण त्यांनी कोपरे सोडले नाहीत. पोरगी रडत होती, बोलत होती, आणि घड्या मात्र बिनचूक घालत होती. आजींना पाणी कोमट लागायचं. त्या हिला डॉक्टरीणबाई म्हणायच्या.

ढीग संपला. लॉजचा टेम्पोवाला दारात आला. "ताई, झालं का? मालक खोळंबलेत."

आणि नेमकं तेव्हाच पोरगी हळूच म्हणाली, "सोमवारी परत तीच कॉट माझ्याकडे आली तर?"

सोमवार हा शब्द तिने आपण होऊन काढला होता. आणि धरायला चादर उरली नव्हती.

त्यांनी बांधलेल्या गठ्ठ्याची गाठ सोडली, वरची घडी केलेली चादर ओढली आणि फडकन उलगडली.

"नाही झालं," त्या टेम्पोवाल्याला म्हणाल्या. "मालकांना सांग, थांबा."

"आई, ही झाली होती की!"

"नीट नव्हती. धर तिकडून," बाई म्हणाल्या आणि मागे सरकल्या. "हं, तीच कॉट आली तर?"